गणवेशाचा पाठ आणि 'पाचवी पलटण' : कौटुंबिक छायाचित्रातील सैनिकाची ओळख

१

लष्करी गणवेशातील पूर्वजाचे जुने छायाचित्र अनेक मराठी घरांत जपलेले असते. त्याच्याबरोबर एक कथाही जपलेली असते. पणजोबा कोणत्या लढाईत होते, कोणत्या पलटणीत होते, त्यांना कोणते पदक मिळाले, हे त्या कथेत येते. कालांतराने छायाचित्र आणि कथा यांच्यातील सीमारेषा पुसट होते. कथा ऐकलेली असल्यामुळे छायाचित्रात ती दिसू लागते, आणि छायाचित्र समोर असल्यामुळे कथा सिद्ध झाल्यासारखी वाटते. वस्तुतः या दोन स्वतंत्र संहिता आहेत. त्यांची माध्यमे वेगळी, त्यांचे निर्मितिकाळ वेगळे आणि त्यांच्यात शिरणाऱ्या दोषांचे प्रकारही वेगळे.

गणवेशावरून सैनिकाची ओळख पटवणे हे सामान्यतः लष्करी इतिहासाच्या हौशी अभ्यासकांचे काम समजले जाते. प्रस्तुत लेखात या कामाकडे पाठचिकित्सेचा एक प्रकार म्हणून पाहिले आहे. हस्तलिखिताच्या अभ्यासात जे प्रश्न विचारले जातात तेच येथेही विचारावे लागतात. समोरची प्रत कोणत्या अवस्थेत आहे? मूळ कोणते आणि प्रक्षेप कोणते? दोन पाठ परस्परविरोधी असतील तर कोणता स्वीकारावा? आणि निर्णय होत नसेल तेव्हा ती अनिश्चितता कशी नोंदवावी? या अखेरच्या प्रश्नाला येथे विशेष महत्त्व आहे, कारण अशा ओळखीवर एखाद्या माणसाचे इतिहासातील स्थान अवलंबून असू शकते.

२

गणवेशाचा हेतूच मुळी ओळख पटवणे हा असतो. परंतु जे चिन्ह ओळख सांगू शकते तेच चिन्ह खोटी ओळखही सांगू शकते. चंद्रधर शर्मा गुलेरी यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'उसने कहा था' या हिंदी कथेत याचे उत्कृष्ट उदाहरण आढळते. पश्चिम आघाडीवरील खंदकात एक जर्मन हेर इंग्रज अधिकाऱ्याच्या गणवेशात येतो. गणवेशात कोणतेही वैगुण्य नसते. लहनासिंगाला संशय येतो तो त्याच्या पुस्तकी उर्दूमुळे आणि शीख शिपायापुढे त्याने सिगारेट धरल्यामुळे. म्हणजे गणवेशाचा पाठ निर्दोष असूनही बाह्य साक्षीने तो खोटा ठरतो.

छायाचित्राच्या वाचकाला लहनासिंगाची सोय उपलब्ध नसते. छायाचित्रातील माणूस बोलत नाही. म्हणून ती बाह्य साक्ष त्याला प्रतिमेतच, प्रतिमेच्या क्षुल्लक वाटणाऱ्या तपशिलांत शोधावी लागते. कार्लो गिन्झबर्ग यांनी १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ज्ञानाच्या ज्या 'खुणांवर आधारित' पद्धतीचे विवेचन केले, तिचा हा प्रांत आहे. चेहरा, पवित्रा, तलवार यांकडे दृष्टी प्रथम जाते. पुरावा मात्र बहुधा खांद्यावरच्या पितळी अक्षरांत, पायाला गुंडाळलेल्या पट्टीच्या गाठीत किंवा पदकाच्या फितीच्या छटेत असतो.

३

अर्थनिर्णयापूर्वी प्रतीची परीक्षा आवश्यक आहे. पहिला प्रश्न डाव्या-उजव्याचा. धातूच्या पत्र्यावर थेट उमटवलेल्या जुन्या प्रतिमा आरशातल्याप्रमाणे उलट्या असतात, आणि काचेची मूळ प्रत उलटी ठेवून छापल्यास कागदी छायाचित्रही उलटे होते. स्वतः मिळवलेली पदके छातीच्या डाव्या बाजूस लावण्याचा संकेत आहे; दिवंगत नातेवाइकाची पदके वारसाने उजव्या बाजूस लावावीत असा संकेत आहे. त्यामुळे पदके उजवीकडे दिसत असतील तर दोन शक्यता उरतात. एकतर छाप उलटी आहे, किंवा ती पदके त्या माणसाची नाहीत. कोटाची कोणती कड वर आहे आणि खांद्यावरची अक्षरे सुलट वाचता येतात का, हे पाहिले की यांचा निर्णय होतो.

दुसरा प्रश्न रंगाचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत स्टुडिओंत वापरल्या जाणाऱ्या काचा व फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या आणि निळ्या रंगाला अतिसंवेदनशील होत्या. परिणामी तांबडा आणि नारिंगी रंग काळसर उमटतात आणि निळा फिका पडतो. आजच्या डोळ्याने या छटा वाचल्यास नेमका उलटा निष्कर्ष निघतो. तांबड्या, पांढऱ्या आणि निळ्या पट्ट्यांच्या फितीत सर्वांत गडद भाग तांबडा असतो, निळा नव्हे.

तिसरा प्रश्न प्रक्षेपांचा. भारतीय स्टुडिओंत छायाचित्रावर हाताने रंग भरण्याची परंपरा समृद्ध होती. रंग भरणाऱ्या कारागिराने सैनिकाला प्रत्यक्ष पाहिलेले असेलच असे नाही. त्याने दिलेला फेट्याचा तांबडा रंग हा पुरावा नसून टीका आहे, आणि टीका म्हणूनच तिचे मोल करावे. मोठी प्रत काढताना जागोजागी केलेली दुरुस्ती, पाठीमागे पुढच्या पिढीने शाईने लिहिलेली ओळ, चौकटीत बसवताना कापलेली कड हे सारे प्रक्षेपच होत. स्टुडिओतील खुर्ची, पडदा आणि कधी कधी तलवारही मालकाच्या सामानातील असे. यांपैकी काहीही टाकून द्यायचे नाही; फक्त ते कोणत्या थरातले आहे हे लिहून ठेवायचे.

४

यानंतर गणवेशाच्या व्याकरणाकडे वळता येते. येथे सर्वसामान्याकडून विशिष्टाकडे जाणे श्रेयस्कर. खाकी रंगाने फारसे काही सिद्ध होत नाही, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हिंदी लष्करात, आणि लष्कराबरोबरच पोलीस व इतर खात्यांतही, तो पसरत गेला. कपड्याचा घाट मात्र काळ सांगतो. पहिल्या महायुद्धातील हिंदी पायदळाचा शिपाई अनेकदा लांब, बिनकॉलरचा खाकी कुडता घातलेला दिसतो. कमरेशी संपणारे आखूड लोकरी जाकीट मात्र १९३० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यात आले. त्यामुळे 'पहिल्या महायुद्धातील पणजोबा' अशा जाकिटात असतील तर कथा एका पिढीने सरकली आहे असे समजावे.

पायाच्या पट्टीची गाठ हे लहान पण मोलाचे चिन्ह आहे. पायदळातील शिपाई पट्टी घोट्यापासून वर गुंडाळी आणि तिची फीत गुडघ्याखाली बांधी. घोडदळातील शिपाई वरून खाली गुंडाळी आणि फीत घोट्याजवळ बांधी. माणूस घोड्याशेजारी उभा असला तरी फीत गुडघ्याखाली असेल, तर घोडदळाचा निष्कर्ष काढण्यापूर्वी थांबावे लागते.

दंडावरील टोकदार फितींवरून हुद्दा कळतो. एक फीत लान्स नाईकाची, दोन नाईकाची, तीन हवालदाराची. मात्र याच आकाराची, वर टोक असलेली फीत डाव्या बाहीच्या खालच्या भागावर असेल तर ती हुद्द्याची नसून सद्वर्तनाची असते. त्याच बाहीवर मनगटाजवळ उभी, बारीक धातूची पट्टी दिसल्यास ती युद्धातील जखमेची खूण होय. ही खूण १९१६ साली सुरू झाली. अशा एका पट्टीने छायाचित्राची पूर्वमर्यादा निश्चित होते.

फेट्याचा अर्थ लावताना अधिक सावधगिरी हवी. हिंदी लष्करात फेटा बांधण्याची तऱ्हा पलटणीनुसार आणि पलटणीतल्या वर्गानुसार ठरलेली असे. शीख शिपायाचा फेटा आणि टोकदार कुल्ह्याभोवती बांधलेला पंजाबी मुसलमान शिपायाचा फेटा एकाच पलटणीत असू शकत. फेट्यावरून म्हणूनच पलटणीपेक्षा वर्ग अधिक खात्रीने सांगता येतो. येथे गणवेश वसाहतकालीन समाजवर्गीकरणाचाच एक तक्ता बनतो.

पदकांच्या फितींतून काळाबरोबरच स्थळाचाही तर्क करता येतो. पहिल्या महायुद्धातील सैनिकाला सामान्यतः ब्रिटिश युद्धपदक आणि विजयपदक मिळाले. १९१५ च्या अखेरीपूर्वी जे प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात पोहोचले होते त्यांना यांखेरीज एक काशाचा ताराही मिळाला. यातून एक कसोटी हाती येते. मेसोपोटेमियातील कुत येथील वेढा डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. 'आमचे पणजोबा कुतच्या वेढ्यात होते' असे घर सांगत असेल आणि छायाचित्रात केवळ दोनच पदके असतील, तर कथेला आणखी आधार शोधावा लागेल. ते वेढा फोडण्यासाठी १९१६ मध्ये पाठवलेल्या सैन्यात असण्याची शक्यता अधिक. घरात प्रत्यक्ष पदक शिल्लक असेल तर प्रश्न बराच सोपा होतो. या दोन पदकांच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण उमटवलेली असे. अनेक कुटुंबांत वर्षानुवर्षे पदकाचा दर्शनी भागच पाहिला जातो. कड वाचली जात नाही.

मुकुटाचे चिन्हही असेच उपयोगी पडते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुकुटाचा आकार आणि १९०१ नंतरच्या राजांच्या काळातील मुकुटाचा आकार वेगळा आहे. भारत प्रजासत्ताक झाल्यानंतर, १९५० पासून, मुकुटाच्या जागी सारनाथचे सिंह आले.

५

सर्वांत निर्णायक चिन्ह खांद्यावरील धातूचा आकडा व अक्षरे हे होय. परंतु तोच सर्वांत अधिक फसवा पाठही ठरू शकतो. याचे एक उदाहरण तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल.

घरातील परंपरा सांगते की पूर्वज 'पाचव्या पलटणीत' होते. मराठा पायदळाच्या इतिहासात या 'पाच'चे किमान तीन अर्थ होतात. १९०३ पूर्वी मुंबई इलाख्याच्या सैन्याचे क्रमांक स्वतंत्र होते आणि त्यात पाचव्या क्रमांकाची एक पलटण होती. १९०३ च्या किचनेरकालीन पुनर्रचनेत मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले, म्हणून तिसरीची १०३ वी, पाचवीची १०५ वी, दहावीची ११० वी, सतरावीची ११७ वी झाली. १९२२ मध्ये या मराठा पलटणी एकत्र करून 'पाचवी मराठा लाइट इन्फंट्री' ही एकच रेजिमेंट उभारण्यात आली. तीत १०३ वी पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी आणि ११७ वी पाचवी. बेळगाव हे या रेजिमेंटचे केंद्र झाले.

म्हणजे 'पाचवी' या शब्दाने १९०३ पूर्वीची मुंबईची पाचवी पलटण, १९२२ नंतरची संपूर्ण रेजिमेंट, किंवा त्या रेजिमेंटमधील पाचवी बटालियन, यांपैकी काहीही सूचित होऊ शकते. पहिली आणि तिसरी तर पूर्णपणे वेगळ्या पलटणी आहेत. यात आणखी एक गुंतागुंत आहे. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन लष्करात अद्याप 'काळी पाचवी' या नावाने ओळखली जाते. अधिकृत क्रमांक दोनदा बदलला तरी बोलीतले नाव सव्वाशे वर्षांपूर्वीचा क्रमांक सांभाळून आहे.

पाठचिकित्सेत एक सुपरिचित नियम आहे. दोन पाठांपैकी अधिक अवघड, अधिक अनपेक्षित पाठ बहुधा जुना असतो, कारण नक्कलकार अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करत नाही. घरातल्या वृद्धांच्या तोंडी नुसती 'पाचवी' नव्हे तर 'काळी पाचवी' असे असेल, तर तो पाठ मोलाचा मानला पाहिजे. नंतरच्या कोणाला पुस्तकातून किंवा बिल्ल्यावरून हे विशेषण सुचण्याची शक्यता कमी. अशा वेळी छायाचित्रातील खांद्यावर १०५ हा आकडा दिसला, तर कथा आणि प्रतिमा वरकरणी विसंगत वाटूनही परस्परांना पुष्टी देतात. उलट खांद्यावर ११७ दिसला आणि कथा 'पाचवी' म्हणत असेल, तर नाव १९२२ नंतर लावले गेले असावे, छायाचित्र मात्र त्यापूर्वीचे आहे. मौखिक परंपरेला सरसकट अविश्वसनीय मानणारा अभ्यासक ही दोन्ही अनुमाने गमावतो. दस्तऐवज शोधतानाही वर्णलेखनाचा असाच थर ध्यानात ठेवावा लागतो: जुन्या इंग्रजी नोंदींत 'मराठा' हा शब्द 'एच' आणि दुहेरी 'टी' घालून लिहिलेला असतो.

६

काही वेळा जे दिसत नाही त्याचे वाचन करावे लागते. महार सैनिकांच्या संदर्भात हा मुद्दा तीव्रतेने जाणवतो. मुंबईच्या सैन्यात दीर्घकाळ सेवा केलेल्या महारांची भरती 'लढाऊ जाती'च्या सिद्धान्तामुळे १८९० च्या दशकात बंद झाली. निवृत्त सैनिकांच्या वतीने गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये तयार केलेला अर्ज हा त्या अन्यायाविरुद्धचा एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली आणि १९२१ मध्ये ती विसर्जित झाली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये मशीनगन रेजिमेंटचे रूप मिळाल्यावर त्यात दोन मशीनगन आल्या. नंतर स्तंभाची जागा खंजिराने घेतली. बिल्ल्यातील स्तंभ, स्तंभासह मशीनगन, आणि खंजिरासह मशीनगन या तीन अवस्थांवरून छायाचित्राचा काळ ठरवता येतो.

खांद्यावर १११ हा आकडा असलेले छायाचित्र म्हणूनच चार-पाच वर्षांच्या अरुंद खिडकीतून आलेले असते. आणि बंदीच्या काळातल्या एखाद्या महार कुटुंबात खाकीतला माणूस दिसला, तर तो पायदळातील शिपाई होता असे गृहीत धरता येत नाही. पोलीस, रेल्वे किंवा लष्कराशी संलग्न अन्य सेवा यांचा विचार करावा लागतो. याउलट, घरच्या माणसांनी 'मराठा पलटणीतले' म्हणून सांगितलेल्या छायाचित्रात १११ आढळला, तर कुटुंबाने किंवा गावाने कोणत्या दबावाखाली पाठ बदलला हा स्वतंत्र प्रश्न उभा राहतो. पाठभेदालाही सामाजिक इतिहास असतो.

मराठी भाषक प्रदेशाबाहेरील कुटुंबांत वेगळी अडचण येते. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील मराठी घरांतील पूर्वज संस्थानी फौजेत असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते. १८८९ पासून अनेक संस्थानांनी साम्राज्याच्या सेवेसाठी स्वतंत्र तुकड्या ठेवल्या. त्यांचा पोशाख ब्रिटिश हिंदी लष्करासारखा असला तरी चिन्हे संस्थानाची असत. ग्वाल्हेरच्या राजचिन्हातील सूर्य आणि नाग ओळखता आले तर मराठा पलटणीच्या याद्या धुंडाळण्याचे श्रम वाचतात.

आझाद हिंद सेनेच्या बाबतीत तर अनुपस्थितीवरून निष्कर्ष काढताच येत नाही. जर्मनीतील स्वतंत्र भारत सैन्यदलाच्या बाहीवर तिरंग्यावर झेप घेणारा वाघ असे. परंतु आग्नेय आशियातील सेनेने मोठ्या प्रमाणावर ब्रिटिश खाकीच वापरली. घरात उरलेले छायाचित्र बहुधा भरतीनंतरचे, म्हणजे १९४२ पूर्वीचे असते. त्यातील ब्रिटिश बिल्ला पुढच्या आयुष्याविषयी काहीच सांगत नाही. रोलाँ बार्त यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात छायाचित्राचे सार 'हे होते' या प्रतीतीत पाहिले. त्या 'होते'ला एकच क्षण आहे, हे चरित्रलेखकाने विसरू नये.

७

एवढ्या खटाटोपाचे प्रयोजन काय, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. त्याचे उत्तर स्मारकांवर आहे. पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रातील अनेक गावांत बसवलेल्या दगडी पाट्यांवर त्या गावातून किती पुरुष युद्धावर गेले आणि किती मृत्यू पावले, एवढेच कोरलेले आहे. नावे नाहीत. १९२९ मध्ये उभारलेल्या बसरा स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे आली. सामान्य भारतीय शिपायांची मात्र पलटणवार संख्या देण्यात आली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या २०२१ मधील अहवालाने स्मरणातील ही विषमता मान्य केली आहे. त्याच वर्षी लाहोर संग्रहालयातील नोंदवह्यांवरून पंजाबातील सुमारे ३,२०,००० सैनिकांची माहिती संगणकीय रूपात खुली होऊ लागली. त्या नोंदी गावनिहाय आहेत. गाव ठाऊक असल्यास वंशजाला आपल्या माणसापर्यंत पोहोचता येते.

जेथे अशी नोंद हाती नाही तेथे घरातले छायाचित्र हेच नाव आणि संख्या यांना जोडणारे साधन उरते. दगडावर आकडा आहे, घरात नाव आणि चेहरा आहे. त्यांच्यामधला दुवा खांद्यावरच्या पलटणीच्या खुणेत आहे. तो चुकीचा वाचला तर एका माणसाचे नाव दुसऱ्याच मृतांच्या संख्येत मिसळते आणि आपली खरी जागा कायमची गमावते. उत्साहाने केलेली चुकीची ओळख ही म्हणूनच अज्ञानापेक्षा अधिक हानिकारक असते, कारण अज्ञान शोध चालू ठेवते, खोटी खात्री तो थांबवते.

या संदर्भात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत-आवृत्तीतील एक संकेत अनुकरणीय वाटतो. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी आखून दिलेल्या पद्धतीने १९३३ ते १९६६ या काळात पूर्ण झालेल्या या चिकित्सक आवृत्तीत ज्या शब्दांविषयी संपादकांना पूर्ण खात्री नव्हती त्यांच्याखाली नागमोडी रेघ दिली आहे. पाठ दिला आहे, पण त्याच्या निश्चितीची पातळीही दिली आहे. कौटुंबिक छायाचित्राच्या ओळखीतही अशा तीन पातळ्या पाळता येतील: जे प्रतिमेत वाचता येते ते निश्चित, जे चिन्हांवरून अनुमानित होते ते संभाव्य, आणि जे केवळ घर सांगते ते परंपरागत. छायाचित्रामागे नवी ओळ लिहायची असेल तर या तिन्ही गोष्टी, लिहिणाऱ्याचे नाव व वर्ष यांसह, वेगवेगळ्या लिहाव्यात. पुढच्या वाचकाला मग आपला पाठ दुरुस्त करता येईल, आणि दुरुस्त करताना आधीच्या पिढीने काय ऐकले होते तेही त्याच्या हाती राहील.